रेवती रडली होती, विहीणबाई

विहीणबाई,

काल तुमचं तेरावं झालं. जेवणं उरकली, पाहुणे आपापल्या गाड्यांना लागले आणि मी पाणीगेटहून रिक्षा करून एकटीच रावपुऱ्याला आले. घरात आल्यावर पहिलं काय केलं असेल, तर गॅलरीतल्या खिळ्यावरची ती कापडी पिशवी हातात घेतली. आमच्या जिन्याच्या दाराची चावी असते तिच्यात. तुम्ही खालून ओरडायचात, "मंगलाबेन, चावी नाखो!" मी वरून पिशवी टाकायची, तुम्ही पदर पसरून झेलायला जायचात, आणि पिशवी हमखास दुधवाल्याच्या सायकलवर पडायची. एवढ्या वर्षांत एकदाही झेलली नाहीत तुम्ही. आणि दर वेळी वर येऊन मलाच ऐकवायचात, "तुम्हाला फेकता येत नाही."

आता कोण मागणार चावी? येणारे-जाणारे फोन करून येतात. पिशवी खिळ्यावर तशीच लटकतेय.

मंगलाबेन! किती वेळा सांगितलं, अहो, मी साताऱ्याकडची, मला बेन म्हणू नका, अंगावर पाल पडल्यासारखं होतं. तर म्हणे, "बडोद्यात आलात ना, मग बेन." तुमचं सगळंच असं. तुमचे खापरपणजोबा संस्थानच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि तुम्ही बोलायचात असं, की जणू हे गाव त्यांनीच वसवलं. घरात शुद्ध मराठी, आणि राग आला की गुजराती. वादात जिंकलात की कमरेवर हात ठेवून म्हणायचात, "बोलो, हवे?" म्हणजे, बोला, आता काय म्हणता? ते दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरायचं. आणि आज तेच दोन शब्द ऐकायला कान लावून बसलेय. माणसाचं असं होतं बघा.

मी शाळा सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी अक्षरं रेवतीच्या पुस्तकांवरून तिच्याबरोबर गिरवली. लिहिण्याचा सराव म्हणाल तर वाण्याच्या याद्या आणि भावाला पत्रं. पण तुमच्याशी बोलायची सवय लागलीय, ती तेरा दिवसांत कशी सुटेल? म्हणून लिहितेय. घरात दुसरं कोणी नाही. रेवतीचे बाबा गेल्यापासून या घरात बोलणं म्हणजे तुमचंच होतं. टीव्ही काही उलट उत्तर देत नाही.

खरं सांगू का, सुरुवातीला तुम्ही मला आवडत नव्हता. तुम्हाला ते माहीत होतं. रेवतीच्या लग्नातल्या पाठवणीपासून माझ्या मनात अढी होती. आठवतं ना? मांडवाच्या दाराशी रेवती माझ्या गळ्यात पडली होती. तिचे खांदे हलत होते, हुंदके फुटत होते, पण गाल कोरडे. तुमच्या नणंदबाई, कमळाताई, मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "फोटोवाला ताटकळलाय आणि नवरीच्या डोळ्यांत टिपूस नाही. पोर दगडाची दिसते." मी ऐकलं. तुम्हीही ऐकलंत, कारण तुमची मान वळलेली मी पाहिली. पण तुम्ही बोलला नाहीत. मी तेव्हाच मनात म्हटलं, या बाई आपल्या पोरीच्या बाजूने कधी उभ्या राहायच्या नाहीत.

आणि मलाही रागच आला होता रेवतीचा. चारचौघांत एक थेंब तरी काढायचा होतास गं, असं म्हणाले होते तिला मागाहून. ती म्हणाली, "आई, मी रडत होते." मी म्हटलं, हो, दिसलं ना.

मग जुई झाली. बाळंतपण माझ्याकडे. तुम्ही निखिलचा आणि भाऊसाहेबांचा डबा करून, ते बापलेक नंदेसरीच्या कारखान्याच्या बसला गेले की रिक्षाने इकडे हजर. जुईला मालीश कोणी करायची यावरून आपलं रोज ठरलेलं. तुम्ही म्हणायचात मोहरीचं तेल, मी खोबरेल. शेवटी एक पाय तुमचा आणि एक माझा, असं चालायचं. पोरगी पायांवर आडवी, तोंड मोठ्ठं उघडून रडतेय आणि दोन आज्या तिच्या डोक्यावर भांडतायत! न्हाऊमाखू घालून धुरी दिली की तिला गॅलरीत कोवळ्या उन्हात घ्यायची. तुमच्या आईने तसंच केलं होतं, माझ्या आईने तसंच. उन्हाने हाडं बळकट होतात, रंग उजळतो, यावर आपलं दोघींचं एकमत होतं. आपल्यातलं ते एकमेव एकमत, आणि तेच नेमकं अंगलट आलं.

तिच्या डोळ्यांभोवती ते गोल उठले. मग कपाळावर, मग कानामागे. कडा लाल, मध्ये साफ, लहान मुलीच्या बांगडीएवढे. तुम्ही म्हणालात, "दादर छे." मी म्हटलं, नायटा. म्हणजे एकच झालं. मेडिकलवाल्याकडून नायट्याची ट्यूब आणली. गोल वाढले. मग आपण काय केलं? ओल राहत असेल म्हणून आणखी थोडा वेळ उन्हात ठेवलं. पण मी हे तुमच्या माथी मारत नाही हां. तुम्हीही कधी माझ्या माथी मारलं नाहीत.

लहान मुलांच्या कातडीच्या त्या डॉक्टरबाई तुम्हाला आठवतात? केस आखूड, आवाज हळू. जुईला उजेडात धरून बघितलं आणि मग जुईला सोडून रेवतीकडेच बघत राहिल्या. विचारलं, "तमने आंखो सूकी लागे छे? सांधा दुखे छे? तडकामां चामडी लाल थाय छे?" डोळे कोरडे पडतात का, सांधे दुखतात का, उन्हात कातडी लाल होते का. रेवती म्हणाली, "नाही, काहीच नाही. कॉम्प्युटरमुळे चुरचुरतात थोडे."

आणि तुम्ही मध्येच बोललात. "डॉक्टर, हिला रडता येत नाही."

मला वाटलं, झालं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं या बाईने आज बाहेर काढलं, तेही पोर आजारी असताना, परक्या डॉक्टरसमोर. मी बोलणार एवढ्यात तुम्ही पुढे म्हणालात, "म्हणजे रडते, पण पाणी येत नाही. मी बघितलंय. कांदा चिरताना आमच्या सगळ्या घराच्या डोळ्यांना धार, ही आपली कोरडी ठाक. आणि हिला कोरडा खाखरा पाण्याशिवाय गिळता येत नाही. दोन घास, एक घोट. दोन घास, एक घोट."

मी तिची आई, विहीणबाई. माझ्या हातचं जेवून मोठी झाली ती. मला वाटायचं, पाणी पीत जेवायची सवय आहे. तुम्हाला कसं दिसलं? तुम्ही तर कधी तिच्याकडे नीट बघतानासुद्धा मला दिसला नाहीत. त्या दिवशी माझा जीव जळला तुमच्यावर, आणि त्याच क्षणी मी तुमची झाले, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

डॉक्टरबाईंनी रेवतीच्या खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली. पाणी असेल तर पट्टी भिजत जाते. पट्टी कोरडीच राहिली. मग मायलेकींचं रक्त घेतलं, आणि जुईच्या इवल्याशा छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढायला पाठवलं. या आजारात कातडीचं बरं होतं, पण कधी कधी बाळाच्या हृदयाचा ठोका मंदावतो, तो मात्र कायमचा, असं त्यांनी सांगितलं. आपण बाहेर बाकावर बसलो होतो. तुम्ही माझं मनगट असं धरलंत की तुमच्या बांगड्यांचे वळ उठले. आत जुई रडत होती. तुम्ही म्हणालात, "रडू दे. रडतेय म्हणजे जोर आहे." ठोके नीट निघाले. तेव्हा कुठे तुम्ही माझा हात सोडलात आणि कॅन्टीनमधून मिरचीची भजी मागवलीत. वर मलाच म्हणालात, "खा, मंगलाबेन, चेहरा उतरलाय तुमचा."

रक्ताचा रिपोर्ट आला त्या दिवशी आपण दोघी निखिल-रेवतीबरोबर गेलो होतो. त्यावर लिहिलेलं मी अक्षर अक्षर जुळवून वाचलं होतं, अँटी-आरओ. तुम्ही लगेच म्हणालात, "आरओ तर आमच्याकडे पाण्याला लावलाय." डॉक्टरबाई हसल्या आणि त्यांनी नीट समजावलं. बाहेरच्या रोगाशी लढायला रक्त काही प्रथिनं बनवतं, त्यांना अँटीबॉडी म्हणतात. कधी ती आपल्याच शरीराला परकं समजून त्याच्याविरुद्ध बनतात. ही त्यातली एक जात. रेवतीच्या रक्तात ती आहेत, म्हणून डोळे आणि तोंड कोरडं. पोटात असताना नाळेतून ती जुईकडे गेली, आणि उन्हाने चिडून कातडीवर गोल उठले. जुईने स्वतः ती बनवलेली नाहीत. आईने बांधून दिलेली शिदोरी आहे ती, सहा-आठ महिन्यांत संपेल, गोलही जातील. तोवर ऊन बंद. हेही म्हणाल्या की नुसता हा रिपोर्ट म्हणजे आजार नव्हे. पुष्कळ बायकांच्या रक्तात हे निघतं आणि त्यांना आयुष्यभर काही होत नाही. ही खूण आहे, कुठे बघायचं ते सांगणारी.

मी मात्र एकच ऐकलं होतं. आईकडून आलं. म्हणजे माझ्या पोरीकडून. म्हणजे माझ्याकडून. आता आयुष्यभर ऐकावं लागणार, रक्तातच खोट असलेली पोर गळ्यात मारली म्हणून. निखिल रेवती-जुईला घेऊन गाडीने गेला आणि आपण रिक्षात बसलो. मी तुमच्याकडे बघतसुद्धा नव्हते. रिपोर्टचा कागद तुमच्या हातात होता, तुम्ही त्याची घडी उघडत होता, परत घालत होता.

मग तुम्ही म्हणालात, "म्हणजे ती रडली होती."

मी म्हटलं, "कोण?"

"रेवती. त्या दिवशी, मांडवात. पोर रडत होती, मंगलाबेन. आपल्याला दिसलं नाही." आणि पुढे वाकून रिक्षावाल्याला, "भाई, रिक्षा पाछी वाळो."

"अहो, कुठे?"

"कमळाताईकडे."

मी नको नको म्हणत होते. तुम्ही ऐकता थोडंच! कमळाताई दारात पापड वाळत घालत होत्या. तुम्ही चप्पलसुद्धा काढली नाहीत. "कमळाताई, तुम्ही मांडवात म्हणाला होता ना, सून दगडाची आहे? दगडाची नाही. तिला पाणी येत नाही. हा बघा रिपोर्ट."

कमळाताई कागद उलटसुलट करून म्हणाल्या, "यात रडण्याचं कुठे लिहिलंय?"

"लिहिलंय. इंग्रजीत आहे."

"आणि बाळाला आईकडून आलं म्हणतायत ते?"

"हो, आईकडून आलं. बाळाला सगळं आईकडूनच येतं. रंग आला तेव्हा विचारलंत का? डोळे आले, नाक आलं, तेव्हा? हवे बोलो."

मी उंबऱ्यावर उभी होते. उन्हात पापडांचा वास येत होता. माझ्या पोरीसाठी असं कोणी भांडलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. तिचे बाबाही नाहीत, मीही नाही. परत रिक्षात बसल्यावर आभार मानावेत असं वाटलं. मी म्हणाले काय, तर "चप्पल घालून आत गेलात तुम्ही." तुम्ही म्हणालात, "तिचं घर कुठे स्वच्छ असतं!" आणि पाणीगेट येईपर्यंत आपण दोघी हसत होतो. आभार राहूनच गेले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमचं जुनं जांभळं इरकली लुगडं घेऊन आलात आणि माझ्या गॅलरीला आडवा पडदा शिवलात. दुहेरी. एक किरण आत येत नव्हता. रोज उजाडायच्या आत यायला लागलात, मालीश आतल्या खोलीत. आणि तोंडाने चालूच, "ऊन काही वाईट नसतं. मी नाही मानत. ऊन कधी कुणाचं वाईट करतं का?" मी म्हणायचे, मग पडदा का लावला? तर म्हणे, "धूळ येते तुमच्या रस्त्याची." उष्टावणाच्या वेळी जुईचे गोल गेले होते, पुसट डाग तेवढे राहिले होते. वाढदिवसापर्यंत तेही गेले. पडदा मी अजून काढलेला नाही. भर दुपारी ही खोली जांभळी होते आणि मी त्यात बसून असते.

आपला एक वाद मात्र अर्धवट राहिला. दुसऱ्या बाळाचा. डॉक्टरबाईंनी सांगितलंय, ती खूण रेवतीच्या रक्तात राहणारच. दुसऱ्या वेळी दिवस राहायच्या आधीपासून गोळी घ्यायची, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापासून वरचेवर सोनोग्राफी करून बाळाच्या हृदयाचे ठोके बघत राहायचं. बहुतेक बाळं नीट होतात, पण धोका नाही असं म्हणता येत नाही. मी म्हणायचे, एक आहे ना, देवाने दिलं, नीट झालं, पुरे. तुम्ही म्हणायचात, "रेवतीला हवंय ना? मग का नको? डॉक्टर आहेत ना बघायला! बघायचं कुठे ते माहीत नव्हतं तेव्हाही पार पडलोच आपण. आता तर माहीत आहे." मी म्हणायचे, तुम्हाला काय, पोर माझी आहे. हे मी शेवटचं बोलले तुमच्याशी, विहीणबाई. फोनवर. तुम्ही नुसतं हुं केलंत, आणि म्हणालात, उद्या येते. दुसऱ्या दिवशी निखिलचा फोन आला.

पोर माझी आहे. किती खोटं बोलले मी.

तुम्हाला खाली ठेवलं होतं तेव्हा रेवती तुमच्या पायांशी बसली होती. खांदे हलत होते. चेहरा कोरडा. बायका जमल्या होत्या, आणि मागून कुजबुज सुरू झाली, तीच. सासूने एवढं केलं आणि सुनेच्या डोळ्यांत पाणी नाही. मी उठायला लागले. आणि परत खाली बसले. आणि मला वाटलं, संपलं आता. हे माहीत असलेली, हे चारचौघांत बोलणारी गेली. आता माझी पोर दगडाचीच राहणार.

तर कमळाताई उठल्या. काठी आपटली त्यांनी जमिनीवर. "गप्प बसा गं सगळ्या. तिला पाणी येत नाही. वहिनीने मला घरी येऊन सांगितलंय, चप्पल घालून." आणि त्या रेवतीच्या शेजारी जाऊन बसल्या, तिच्या पाठीवर हात ठेवून.

तुम्ही बघायला हवं होतं. कमळाताई!

परवा बाराव्याच्या गडबडीत रेवती मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "आई, आम्ही डॉक्टरांकडे जाणार आहोत. दुसऱ्यासाठी. सासूबाईंना सांगितलं होतं मी. त्या म्हणाल्या होत्या, तुझ्या आईला मी बघते." म्हणजे त्या दिवशी तुम्ही यासाठी येणार होता. मला पटवायला.

मी म्हणाले, "नको." सवयीने. आणि थांबले, समोरून "का नको?" येईल म्हणून. आलंच नाही. रेवती भांड्याकडे बघत उभी. मागे कुकरची शिट्टी. माझं "नको" तसंच हवेत राहिलं. विहीणबाई, तुमच्याशिवाय मला वादसुद्धा करता येत नाही. एकटीचा वाद किती केविलवाणा वाटतो, तुम्हाला काय सांगू.

मग मीच म्हणाले, "का नको? डॉक्टर आहेत ना बघायला. आता कुठे बघायचं ते तरी माहीत आहे."

रेवतीने मान वर केली. तिचा चेहरा सगळा वेडावाकडा झाला, ओठ थरथरले, हुंदका आला, आणि डोळे कोरडे. मी तिच्या पर्समधून डॉक्टरांनी दिलेली डोळ्यांच्या थेंबांची बाटली काढली, तिची मान मागे केली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. जरा जास्तच पडले. गालांवरून ओघळले. तिने पुसले नाहीत, मीही नाही.

मी हरले असं समजू नका. मोहरीच्या तेलाचं मी अजूनही ऐकणार नाही. पण मालीश करायची वेळ आलीच, तर दुसरा पाय कोण धरणार आहे? तेवढं सांगा. मग कमरेवर हात ठेवा आणि एकदा म्हणा ते तुमचं.